सोयाबीनचं तणनाशक मातीत उरलंय का? रब्बी पेरण्याआधीची कुंडी-चाचणी, टप्प्याटप्प्यानं

सोयाबीन सोंगून झालं की वावर मोकळं दिसतं, पण जुलैत मारलेलं तणनाशक त्यात अजून असू शकतं. मग मोहरी उगवते आणि दोन पानांवरच थबकते, ज्वारीचे तास पिवळे पडतात, आणि खापर फुटतं बियाण्यावर. शंका आलेले काही जण कुंडीत चार दाणे टाकून पाहतातही. पण तुलनेला दुसरी माती नसते, निकाल पाचव्या दिवशीच लावलेला असतो, आणि कुंडीला भोक असल्यानं औषध पाण्याबरोबर केव्हाच वाहून गेलेलं असतं. अशा चाचणीतून ज्याला जे हवं ते उत्तर काढता येतं.

नीट केलेल्या चाचणीला तीन आठवडे लागतात. म्हणून सोयाबीनची पानं पिवळी पडायला लागली की, म्हणजे सप्टेंबरच्या शेवटाला, सुरुवात करा. सोंगणी झाल्यावर आठवण आली तर उशीर झालेला असतो.

## आधी एवढं समजून घ्या: माती धरते आणि सोडते

"मातीत किती उरलं?" हा अर्धाच प्रश्न आहे. कणांना चिकटून बसलेलं औषध रोपाला सहसा मिळत नाही. मिळतं ते कणांभोवतीच्या ओलीत उतरलेलं. या दोन्हींमध्ये सतत देवाणघेवाण चालू असते. ओलीतलं औषध जिवाणूंनी खाल्लं किंवा मुळांनी ओढलं की कण थोडं आणखी सोडतात. धरण्याचं काम लवकर होतं, सोडण्याचं रेंगाळत. दिवस जातात तसं काही औषध कणांच्या आतल्या फटींत शिरतं आणि तिथून ते फारच सावकाश बाहेर येतं.

पॅराक्वाट या तणनाशकाचं उदाहरण घ्या. त्याच्या रेणूवर धन भार असतो आणि आपल्या काळ्या मातीतल्या चिकणमातीच्या पापुद्र्यांवर ऋण. ते त्या पापुद्र्यांमध्ये असं अडकतं की वर्षानुवर्षं मातीत राहतं, पण पुढच्या पिकाला बाधत नाही. (बाटलीतलं पॅराक्वाट मात्र घोटभरही पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही. माती जे धरते ते शरीर धरत नाही.) सोयाबीनमधल्या इमॅझेथापायर या तणनाशकाचं याच्या अगदी उलट. उरतं थोडंच, पण जे उरतं ते सैल असतं, म्हणून त्या थोड्यानंही मोहरी बसते, म्हणजे तिची वाढ थांबते.

पाण्यात विरघळण्याच्या प्रमाणावरूनही अंदाज येतो. एक लिटर पाण्यात इमॅझेथापायर सुमारे १४०० मिलिग्रॅम विरघळतं. पेंडीमेथॅलिन हे दुसरं तणनाशक एक मिलिग्रॅमही नाही. पेंडीमेथॅलिन मातीतल्या सेंद्रिय भागाला चिकटतं आणि वरच्या थरातच राहतं. इमॅझेथापायर ओलीबरोबर खाली सरकतं.

तिसरी गोष्ट सामूची (pH, म्हणजे माती आम्ल की विम्ल ते सांगणारा आकडा), आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. विदर्भातल्या काळ्या जमिनीचा सामू बहुतेक ठिकाणी ८च्या आसपास असतो. अशा मातीत इमॅझेथापायरवर ऋण भार येतो. चिकणमातीवरही ऋणच भार असल्यानं ती त्याला जवळ करत नाही, ते सैल राहतं. सैल असल्यामुळे जिवाणूही त्याला लवकर संपवतात, पण ओल असेल तरच. सोयाबीनमधलंच दुसरं तणनाशक, क्लोरीम्युरॉन, त्याचं वेगळं आहे. आम्लधर्मी मातीत ते नुसत्या पाण्यानंही तुटतं, आपल्या मातीत ते तुटणं फार मंदावतं. त्यामुळे इमॅझेथापायरची काळजी ऑगस्टमध्ये मोठा खंड पडलेल्या वर्षी जास्त करायची आणि क्लोरीम्युरॉनची सामू जास्त असलेल्या वावरात, मग पाऊस चांगला झालेला असला तरी.

## टप्पा १: फवारणीचा हिशेब काढा

वहीत चार गोष्टी लिहा: औषधातला घटक (बाटलीवरचं मोठं नाव नव्हे, खाली बारीक अक्षरात असतो तो), फवारल्याची तारीख, एकरी मात्रा, आणि त्यानंतर पाऊस कसा झाला. बाटली फेकली असेल तर कृषी केंद्राचं बिल काढा. मक्त्यानं केलेलं वावर असेल तर आधीच्या माणसाला विचारा, आणि फक्त या वर्षाचं नव्हे, मागच्या रब्बीचंही विचारा. गव्हात मारलेलं मेटसल्फ्युरॉन क्लोरीम्युरॉनच्याच गटातलं आहे आणि जास्त सामूत तेही रेंगाळतं.

मात्रा पंपावरून तपासा. इमॅझेथापायर १० टक्के एकरी ४०० मिली सांगितलेलं असतं. एकराला दहा पंप लागत असतील तर पंपामागे ४० मिली. तेच दहा पंप पाऊण एकरात संपले असतील तर त्या पाऊण एकराला एकराची मात्रा बसली. मजुरानं पंप कुठे रिकामा केला, हेही विचारून घ्या. राहिलेलं अर्धं पाणी बहुतेक वेळा धुऱ्याजवळच ओतलेलं असतं.

तपासा: जोडऔषध असेल तर दोन्ही घटक लिहिले का? इमॅझेथापायरसोबत इमॅझामॉक्स किंवा प्रोपाक्विझाफॉप येतं. फोमेसाफेन असलेलीही जोडऔषधं सोयाबीनवर मारली जातात, आणि ते मातीत बरंच टिकतं.

## टप्पा २: जमिनीची पत्रिका पाहा

मृदा आरोग्य पत्रिकेवर सामू, विद्युत वाहकता (मातीत क्षार किती ते यावरून कळतं) आणि सेंद्रिय कर्ब असतो. तिन्ही आकडे वहीत उतरवा. पत्रिकेत तणनाशकाचा अंश तपासलेला नसतो. "पत्रिका चांगली आली म्हणजे माती साफ" असं समजू नका.

सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्याच्या खाली असेल तर माती धरायला कमजोर आहे. मुरमाड, बरड पट्ट्यात तर आणखीच. पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या भागात, वाहकतेचा आकडा मुद्दाम पाहा, कारण क्षारांनी बसलेलं रोप आणि तणनाशकानं बसलेलं रोप लांबून सारखंच दिसतं. त्यांना वेगळं करायची युक्ती टप्पा ४ मध्ये आहे.

## टप्पा ३: माती घ्या

निम्म्या चुका इथे होतात, म्हणून हा टप्पा घाईत उरकू नका.

माती वाफशावर घ्या. एकरात आठ-दहा जागा नागमोडी चालत निवडा. प्रत्येक जागी वरचा काडीकचरा बाजूला सारा, खड्डा करा आणि त्याच्या उभ्या भिंतीवरून दोन थर वेगळे काढा: वरचा १० सेंटिमीटरचा आणि त्याखालचा १० ते २० सेंटिमीटरचा. दोन थरांसाठी दोन घमेली. खालचा थर काढताना वरची माती त्यात पडू देऊ नका.

भेगेतली माती घेऊ नका. काळी जमीन फाटली की वरची माती आणि पावसाचं पाणी भेगेतून थेट खाली जातं, औषधही त्याच वाटेनं. तिथला नमुना सगळ्या वावराबद्दल काहीच सांगत नाही.

धुऱ्याकडचा वळणाचा पट्टा, औषध कालवण्याची जागा आणि पाणी साचणारा खोलगट कोपरा, या तिन्ही जागांची माती मुख्य नमुन्यात मिसळू नका. वळणावर पंप चालूच राहतो आणि दुहेरी मात्रा बसते. ती माती मिसळली तर चांगलं वावरही वाईट दिसेल, किंवा वाईट पट्टा सरासरीत लपून जाईल. शक्य असेल तर त्यांच्या वेगळ्या कुंड्या करा.

आता तुलनेची माती. याशिवाय चाचणीला अर्थ नाही. त्याच वावराची, त्याच रंगाची आणि पोताची, पण फवारा न बसलेली माती हवी. फवाऱ्यापासून दूर राहिलेला रुंद धुरा, झाडाखालची मोकळी जागा किंवा शेजारच्या पडीत तुकड्यातली चालेल. घरामागची, शेणखत पडलेली माती घेऊ नका. त्यात रोप आपोआपच जोमदार येतं आणि वावरातलं रोप उगाच किरकोळ वाटतं.

वावरातली वरच्या थराची ३ किलो, खालच्या थराची दीड किलो आणि तुलनेची ३ किलो माती पुरते. हा हिशेब एका बियाण्याचा; रब्बीचं पीकही वेगळ्या डब्यांत लावायचंय (टप्पा ५), म्हणून त्या मानानं जास्त आणा.

थांबा: माती उन्हात वाळवू नका. इमॅझेथापायर उजेडानं तुटतं, पेंडीमेथॅलिन उडून जातं, आणि कुंडीत जाणारी माती वावरातली राहत नाही. सावलीत पसरा, ढेकळं हातानं हरभऱ्याएवढी फोडा, पीठ करू नका. त्याच दिवशी कुंड्या भरायच्या नसतील तर पिशवीचं तोंड बांधून गार जागी ठेवा, पण दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त नाही.

## टप्पा ४: कुंड्या भरा

अर्धा किलो माती मावेल असे प्लास्टिकचे डबे किंवा मोठे ग्लास घ्या, भोक नसलेले. नेहमीच्या सवयीनं लोक खाली भोक पाडतात आणि पाणी निथळू देतात. त्या पाण्यात सैल औषध निघून जातं आणि वाईट माती परीक्षेत पास होते. भोकाची कुंडीच वापरायची असेल तर खाली बशी ठेवा आणि निथळलेलं पाणी पुन्हा त्याच कुंडीत ओता.

पाच संच करा, प्रत्येकी तीन डबे:

१. तुलनेची माती, तशीच.
२. तुलनेची माती, सक्रिय कोळसा मिसळून.
३. वावरातली वरची माती, तशीच.
४. वावरातली वरची माती, सक्रिय कोळसा मिसळून.
५. वावरातली खालच्या थराची माती, तशीच.

सक्रिय कोळसा हा या चाचणीचा कणा आहे. त्याच्या आतल्या सूक्ष्म छिद्रांमुळे तो औषध ओढून घेतो आणि सोडत नाही. तिसऱ्या संचात रोप बसलं आणि चौथ्यात उभं राहिलं, तर दोष तणनाशकाचाच. क्षार, जस्ताची कमतरता, पापडी यांच्यावर कोळशाचा काही उपयोग होत नाही, त्यामुळे खारपाणपट्ट्यातला घोळ इथेच सुटतो. दुसरा संच एवढ्यासाठी की कोळशानं रोपाला स्वतःहून काही केलं का, ते दिसावं.

किलोभर मातीला एक सपाट चहाचा चमचा पूड पुरते. पाण्याच्या फिल्टरचं किंवा मत्स्यालयाचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतो. दाणेदार मिळाला तर खलबत्त्यात बारीक कुटून घ्या. कोळसा आणि माती कोरडीच मिसळा, सगळीकडे सारखा काळा रंग दिसेपर्यंत.

थांबा: चुलीतली राख हा कोळशाला पर्याय नाही. राख मातीचा सामू वाढवते आणि धरलेलं औषध उलट सैल करते. चुलीतला साधा कोळसा थोडंफार धरतो, पण किती ते सांगता येत नाही, म्हणून चाचणीत नको.

डब्यांवर नंबर रंगानं लिहा. चिकटवलेला कागद तीन आठवडे टिकत नाही.

## टप्पा ५: भिजवा, मग पेरा

कोरड्या मातीत औषध कणांना जास्त घट्ट धरलेलं असतं. ओल आली की सुटतं. वावरातही असंच होतं. कोरड्यात पेरलेला गहू ठीक उगवतो आणि पहिल्या ओलितानंतर पिवळा पडतो. म्हणून डबे आधी भिजवा, झाकून दोन दिवस सावलीत ठेवा आणि मगच पेरा. औषध पाण्यात उतरायला तेवढा वेळ द्यायलाच हवा.

पाणी सगळ्यांना एकाच ठिकाणचं आणि मापानं. मूठ दाबली की गोळा व्हावा, बोटांतून पाणी निघू नये, इतपत ओल. भोक नसल्यानं जास्त पाणी झालं तर मूळ कुजेल आणि ते औषधाच्या नावावर खपेल.

बी कोणतं, हे घटकावर ठरतं. इमॅझेथापायर, क्लोरीम्युरॉन यांसाठी मोहरी किंवा मुळा. पेंडीमेथॅलिनसाठी ज्वारी. ॲट्राझिनसाठी (मका-ज्वारीत मारतात ते) काकडी. डब्यात मोहरीचे दहा दाणे, वर एक सेंटिमीटर बारीक माती. वाण्याकडची मोहरी चालते, पण आधी ओल्या फडक्यात दहा दाणे उगवून पाहा. आठापेक्षा कमी उगवले तर बी बदला. रब्बीत जे पीक घ्यायचंय तेही वेगळ्या डब्यांत लावा. मोहरी इशारा देते, पण पेरायचा की नाही हे हरभऱ्याच्या डब्यावरून ठरवायचं.

डबे उन्हात ठेवा, सगळे एकाच ठिकाणी. ॲट्राझिनचा परिणाम तर उजेडाशिवाय दिसतच नाही. कोंबड्या-शेळ्यांपासून जपा, आणि चाचणीची रोपं नंतर जनावरांना घालू नका.

## टप्पा ६: वाचा, पण घाई नको

सातवा दिवस. उगवण मोजा आणि लिहून ठेवा, निकाल लावू नका. ही बहुतेक औषधं उगवण रोखत नाहीत. बी आपल्याच शिदोरीवर वर येतं. "सगळे दाणे उगवले, माती चांगली आहे" ही या चाचणीतली सगळ्यात महागडी चूक आहे.

चौदावा दिवस. इमॅझेथापायर किंवा क्लोरीम्युरॉन असेल तर बीजपत्रं हिरवी राहतात, पण मधला कोंब थांबतो, पिवळा किंवा जांभळट होतो. ॲट्राझिनमध्ये आधी जुन्या पानांच्या कडा पिवळ्या पडून वाळतात, नवं पान त्या मानानं बरं असतं. कोणतं पान आधी बिघडलं, हे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

एकविसावा दिवस. आता मुळं. रोप उपटू नका. डबा बादलीतल्या पाण्यात तासभर बुडवा, माती आपोआप सुटू द्या, मग हलक्या हातानं धुवा. तुलनेच्या मातीतलं मोहरीचं मूळ लांब, पांढरं आणि बारीक फाट्यांचं असतं. बाधलेलं मूळ आखूड आणि त्याचे बाजूचे फाटे खुंटलेले. ज्वारीच्या मुळाची टोकं फुगून गदेसारखी झाली असतील तर पेंडीमेथॅलिन.

मग संच एकमेकांशी ताडून पाहा:

- पहिल्यातच रोपं बिघडली: चाचणी रद्द. माती, पाणी किंवा बी चुकलं.
- तिसरा वाईट, चौथा चांगला: सैल तणनाशक आहे.
- तिसरा आणि चौथा दोन्ही वाईट, पहिला-दुसरा चांगले: कारण बहुधा दुसरं आहे. वाहकतेचा आकडा पुन्हा काढा. माती औषध कालवण्याच्या जागेची असेल तर मात्र कोळशालाही न पेलणारं औषध तिथे असू शकतं.
- तिसरा चांगला, पाचवा वाईट: औषध खाली सरकलंय. वावरात पीक पंधरा-वीस दिवस छान दिसेल आणि मूळ त्या थराला टेकलं की थांबेल.

आता पंपाबद्दल, कारण दर वर्षी कुणीतरी मातीला उगाच दोषी ठरवतं. पऱ्हाटीची किंवा तुरीची पानं निमुळती, दोऱ्यासारखी, शिरा एकवटलेली दिसत असतील तर ते बहुधा २,४-डी हे तणनाशक, आणि ते पंपातून किंवा शेजारच्या फवाऱ्यातून आलेलं. मातीत ते साधारण दोन-तीन आठवड्यांत बरंच संपतं. मातीतली बाधा पहिल्या पानापासून आणि चकंदळ्यांत, म्हणजे ठिगळांसारखी दिसते; पंपातली बाधा फवारणीनंतर, माणूस जसा चालला त्या पट्ट्यांत. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवणं हाच त्यावर खात्रीचा उपाय.

## टप्पा ७: काय करायचं ते ठरवा

वावरातल्या मातीतलं रोप आणि तुलनेचं रोप यांतला फरक पट्टी लावल्याशिवाय कळत नसेल तर पेरा. उंची किंवा मूळ तुलनेच्या रोपापेक्षा पाव हिश्श्याहून जास्त कमी भरलं तर माझ्या मते पीक बदला किंवा थांबा. अधलंमधलं असेल तर पंधरा दिवसांनी पुन्हा माती घ्या. सप्टेंबरातली चाचणी पेरणीवेळच्या स्थितीपेक्षा वाईटच चित्र दाखवते.

पीक बदलायचं तर: इमॅझेथापायर असेल तर हरभरा मोहरी-ज्वारीपेक्षा बराच सोसतो, गहू मधला. मोहरी, मका, ज्वारी, कांदा, पालक त्या तुकड्यात नको. क्लोरीम्युरॉनच्या गटाला मात्र हरभरा आणि मसूरही नाजूक आहेत. बाटलीसोबतच्या घडीपत्रकात पुढच्या पिकासाठीचं अंतर दिलेलं असेल तर ते आधी वाचा. ते दिवस बेताच्या पावसाचे धरून मोजलेले नसतात. खंडाच्या वर्षी त्यात भर घाला.

थांबायचं तर ओल द्या. औषध जिवाणू संपवतात आणि त्यांना ओल आणि ऊब लागते. ओलिताची सोय असेल तर पेरणीआधी तीन आठवडे एक हलकं पाणी द्या आणि वाफशावर वखरणी करा. ऑक्टोबरच्या उन्हात हे काम पटकन होतं, डिसेंबरात रेंगाळतं. कोरडवाहूत मात्र नुसतं थांबून फार काही होत नाही, तिथे पीक बदलणंच बरं.

शेणखत माती धरणारी करतं आणि जिवाणूंनाही पोसतं, पण चांगलं कुजलेलं, एकरी चार-पाच टनांच्या हिशेबानं आणि उन्हाळ्यात टाकलेलं. पेरणीच्या आदल्या आठवड्यात दोन बैलगाड्या टाकून यंदाचं पीक वाचत नाही. पऱ्हाटीपासून केलेला कोळसाही औषध धरतो. पण मग पुढच्या जूनमध्ये मारलेलं पेंडीमेथॅलिनही तो धरून ठेवणार आणि तण हसत उगवणार. म्हणून सगळ्या वावरात तो टाकण्याआधी विचार करा.

खोल नांगरट फक्त तिसरा संच वाईट आणि पाचवा चांगला असेल तरच, म्हणजे वरचं औषध जास्त मातीत पसरून पातळ होईल. पाचवा वाईट असताना नांगरलं तर खालचं वर आणाल.

औषध कालवण्याची जागा साधारण चार-पाच पावलांची असते. तिथे सक्रिय कोळसा मिसळणं परवडतं. अख्ख्या एकराला परवडत नाही. ही जागा विहिरीजवळ असेल तर या वर्षीच हलवा, कारण सैल सुटणारी औषधं भेगांतून विहिरीच्या पाण्यापर्यंत पोचायला फार वाट पाहत नाहीत.

चाचणी दोनदा करूनही उत्तर लागत नसेल तर वही, बाटलीचा फोटो आणि धुतलेली मुळं ओल्या फडक्यात गुंडाळून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात तणशास्त्र पाहणाऱ्यांना दाखवा. पहिल्या आणि तिसऱ्या संचाची रोपं दोन्ही न्या. डब्यांतली माती त्याच वावरात परत टाका, परसबागेत नाही.